पश्चात्तापाची सनद

सोलापूरच्या एका जोशी घराण्यात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या रामाला पंचांग, मुहूर्त आणि गावचे जोशीपण ही वृत्ती वडिलोपार्जित होती; थोरला भाऊ मुद्गल हा पुराण सांगणारा, हरिकथा करणारा, पंक्तीत मान असलेला विद्वान गृहस्थ होता; आणि असे असूनही या मुलाचे मन धोंडी शाहिराच्या फडात रमले, ढोलकीच्या थापेच्या आणि तुणतुण्याच्या तारेच्या नादाने तो रात्र रात्र घराबाहेर राहू लागला, आणि अखेरीस मुद्गलाने त्याला घराबाहेर काढले, अशी हकीकत राम जोशाच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवली आहे. घर सुटलेला राम पंढरपुरास गेला, तेथे त्याने संस्कृत काव्याचे अध्ययन केले, आणि परतला तो हरिदास होऊन. ‘मदालसाचंपू’ हे संस्कृत काव्य त्याच्या नावावर आहे, यावरून त्याचा व्यासंग वरवरचा नव्हता हे उघड होते. परंतु विद्येने फडाची ओढ शमली नाही. उलट लावणीला त्या विद्येचा असा काही लाभ झाला, की संस्कृत समासांची लांबलचक माळ ढोलकीच्या ठेक्यावर एकही मात्रा न सांडता नाचवून दाखवण्याची करामत मराठीत त्याच्याआधी कोणी केली नव्हती आणि त्याच्यानंतरही फारशी कोणाला साधली नाही.

या राम जोशाची आणि मोरोपंतांची भेट ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासातली सर्वांत लाडकी आख्यायिका आहे. बारामतीस बाबूजी नाइकांच्या आश्रयाला राहणारे मोरोपंत म्हणजे त्या काळच्या पंडित कवींचे मुकुटमणी. त्यांच्या कानी या तमासगीर ब्राह्मणाची लावणी पडली, तिच्यातील शब्दप्रभुत्व पाहून ते चकित झाले, त्यांनी त्याला कविप्रवर म्हणून गौरविले, आणि ही वाणी शृंगारात न दवडता हरिगुणगायनाकडे वळवावी असा उपदेश केला. तो शिरसावंद्य मानून रामाने फड मोडला, कीर्तनाला उभा राहिला, आणि पंतांच्याच आर्या गाऊन त्याने त्यांची कीर्ती दूरवर पोहोचवली. या कथेचा शेवटचा भाग निःसंशय महत्त्वाचा आहे. मोरोपंतांच्या आर्या सामान्य श्रोत्याला कठीण. त्या पोथीतून बाहेर पडून लोकांच्या तोंडी बसल्या त्या कीर्तनकारांमुळे, आणि त्या कीर्तनकारांत राम जोशाचे नाव अग्रभागी घेतले जाते. ज्या कवीला आपण प्रौढ, सोवळ्यातला, केकावलीकार म्हणून वंदन करतो, त्याच्या लौकिकात एका लावणीकाराच्या गळ्याचा एवढा वाटा आहे.

पण पूर्वभागाची, म्हणजे उपदेश आणि परिवर्तन यांची, थोडी तपासणी करून पाहावी. मोरोपंत १७९४ मध्ये निवर्तले. दुसरा बाजीराव पेशवाईच्या मसनदीवर आला तो १७९६ च्या अखेरीस. आणि जी परंपरा रामाला बारामतीस पश्चात्ताप करावयास लावते, तीच परंपरा त्याला बाजीरावाच्या पुण्यात पुन्हा फडाचा सरदार म्हणून उभा करते; बया आणि चिमा या दोघींची नावे त्याच्या नावाशी जोडते; बिदागीची प्राप्ती, मद्याचे व्यसन, उधळपट्टी आणि शेवटचे दारिद्र्य या गोष्टीही सांगते; आणि १८१२-१३ च्या सुमारास त्याचा अंत झाला असे नोंदवते. दोन्ही हकीकती खऱ्या मानल्या तर निष्कर्ष एकच निघतो: उपदेश झालाही असेल, त्याने तो मनापासून मानलाही असेल, परंतु आयुष्याचे दोन स्वच्छ भाग पाडून एकाला पतन आणि दुसऱ्याला उद्धार म्हणता येईल असे ते आयुष्य नव्हते. देऊळ आणि फड यांच्यामध्ये तो अखेरपर्यंत येरझारा घालीत राहिला. असे असूनही ती भेट जिवाच्या कराराने जपली गेली आणि नंतरचे माघारी फिरणे मात्र ओझरते सांगितले गेले, याला काहीतरी कारण असले पाहिजे.

ते कारण संगमनेरच्या अनंत फंदीच्या चरित्राकडे पाहिले म्हणजे कळू लागते. अनंत घोलप हा ब्राह्मण. मलिक फंदी नावाच्या एका फकिराच्या सहवासामुळे त्याला फंदी हे उपनाव चिकटले. खर्ड्याच्या १७९५ च्या लढाईवर पोवाडा रचणारा, फटका या रचनाप्रकाराला स्वतःची मुद्रा देणारा हा शाहीर. त्याच्याही आयुष्यात तशीच भेट आहे. येथे पंतांच्या जागी अहिल्याबाई होळकर आहेत. ब्राह्मणाने तमाशा करणे शोभत नाही, असे त्या पुण्यशील बाईने बजावले, आणि अनंताने हातातला डफ फोडून टाकून कीर्तन पत्करले, असे सांगतात. स्थळ निराळे, उपदेशक निराळा, पण कथेचा साचा तोच: बहकलेला प्रतिभावंत, पूज्य व्यक्तीचा एक शब्द, वाद्याचा त्याग, आणि हरिकथेने झालेली शुद्धी. वाल्या कोळ्याचा वाल्मीकी झाला, हे बाळपणापासून ऐकत आलेल्या समाजाला हा साचा शिकवावा लागला नाही.

कवीच्या वर्तनाने विटलेल्या आणि कवीच्या वाणीने वेडावलेल्या समाजाने करावे काय, हा प्रश्न आपल्याकडे मुद्रणयंत्र येण्याच्या पुष्कळ आधी उभा राहिला होता, आणि त्याचे उत्तरही समाजाने आपल्या पद्धतीने दिले होते. कविता आणि कवी यांना परस्परांपासून अलग करून एकाचा आस्वाद घ्यावा आणि दुसऱ्याचा न्याय करावा, हे ते उत्तर नव्हते. त्याने कवीला पश्चात्ताप करावयास लावला, आणि पश्चात्तापाची सनद हाती पडल्यावर त्या सनदेच्या बळावर त्याची मागची-पुढची सर्व रचना घरात घेतली. खरा पश्चात्ताप झाला नसेल तेथे तो आख्यायिकेने पुरवला. याला मी लबाडी म्हणणार नाही. ज्या समाजाला एखादी रचना मनापासून हवी असते आणि तिच्या कर्त्याला ओसरीवर घेण्याची मात्र भीती वाटते, त्या समाजाने प्रेमापोटी काढलेली ती पळवाट आहे. परंतु पळवाटेने गेल्यावर दोन्ही गोष्टी अर्ध्या राहतात. दोषाचा निवाडा होत नाही, आणि लावणीला लावणी म्हणून मान मिळत नाही.

ही पळवाट कीर्तनाच्याच दाराशी का जाऊन थांबते, हेही पाहण्यासारखे आहे. हरिदास उभा राहतो ती नारदाची गादी. कीर्तन संपल्यावर श्रोते त्याच्या पाया पडतात, त्याला हार घालतात, त्याच्या मुखातून आलेल्या वचनाला त्याचे आचरण जामीन राहते. पूर्वरंगात वैराग्याचे निरूपण करणारा मनुष्य उत्तररात्री गुत्त्यात दिसला तर त्याचे निरूपण त्याच क्षणी खोटे ठरते, कारण तेथे वक्ता आणि वचन यांचा करारच तसा आहे. फडाचा करार निराळा. तेथे गण होतो, गवळण होते, लावणी होते, सवाल-जवाब झडतात. कलगीवाला तुरेवाल्याला कूट घालतो आणि तुरेवाला ते सोडवतो. शाहिराच्या तोंडी विरहिणीचे गाऱ्हाणे येते, सवाष्णीचा रुसवा येतो, शिपायाची घमेंड येते, आणि यांपैकी कोणतेही बोल त्याच्या स्वतःच्या आचरणाची साक्ष म्हणून कोणी ऐकत नाही. म्हणजे कर्ता आणि कृती यांच्यातले अंतर फडाने आपल्या रचनेतच मान्य केलेले होते. राम जोशाला फडातून उचलून कीर्तनात नेताना त्याच्या चाहत्यांनी त्याला एका करारातून काढून दुसऱ्या, अधिक कडक करारात बांधले.

आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते. होनाजी हा पुण्याचा गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार. यांनीही शृंगारिक लावण्या रचल्या, बाजीरावाच्या अमदानीतल्या त्याच रसिकांसमोर गाइल्या. पण डफ फोडण्याची किंवा सत्पुरुषाच्या एका शब्दाने फड मोडण्याची कथा यांच्या बाबतीत तितक्या आवडीने सांगितली जात नाही. असे का व्हावे? माझा तर्क असा, की समाजाला जो दोष खुपत होता तो लावणीचा नव्हता, मद्याचा नव्हता, बायकांच्या सहवासाचाही नव्हता. ब्राह्मणाने फडात उभे राहावे, धोंडी शाहिराच्या मागे झील धरावी, मलिक फंदीच्या मांडीला मांडी लावून बसावे, हा तो दोष होता. जो उच्चासनावर बसलेलाच नाही त्याचे पतन कसे होणार, आणि पतन नाही त्याला पश्चात्ताप तरी कशाचा? आज आपण ज्याला व्यक्तिगत चारित्र्य म्हणतो, त्याचा हिशेब त्या कथांत जवळजवळ नाहीच. आहे तो जातीच्या मर्यादेचा हिशेब.

होनाजीच्या बाबतीत समाजाने निराळीच वाट धरली. त्याच्या नावावरची श्रीकृष्णाची भूपाळी पहाटेच्या वेळी ज्या घरांतून म्हटली गेली, त्यांतल्या कित्येक घरांत लावणी हा शब्दही मोठ्याने उच्चारला जात नसे. येथे कोणी पश्चात्ताप मागितला नाही. कर्त्याचे नाव मागे पडले आणि भूपाळी देव्हाऱ्यापाशी गेली. १९५१ मध्ये ‘अमर भूपाळी’ हा चित्रपट निघाला तेव्हा पुष्कळांना प्रथमच कळले, की आपल्या आजीच्या तोंडची ती भूपाळी तमाशाच्या फडातल्या माणसाची आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि शाहिरांचा आश्रय एकाएकी तुटला. बाजीराव आठ लाखांच्या तैनातीवर ब्रह्मावर्तास गेला, आणि पुण्यात मागे राहिलेल्या दोन प्रकारच्या आश्रितांना नव्या अंमलाने दोन प्रकारची वागणूक दिली. श्रावणमासात पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची जी पेशव्यांची चाल होती, ती कंपनी सरकारने अगदी मोडली नाही. तिच्या रकमेतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, १८४९ मध्ये त्या पैशातून मराठी ग्रंथरचनेस उत्तेजन द्यावे असा अर्ज सुधारक मंडळींनी केला, आणि पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन होऊन नव्या मराठी पुस्तकांना त्यातून बक्षिसे मिळू लागली. एका जुन्या देणगीला असा उत्तराधिकार लाभला. शाहिरांना आणि तमासगिरांना त्याच खजिन्यातून मिळणाऱ्या बिदागीला मात्र वारस उरला नाही; ती विलासाची बाब म्हणून बंद झाली, आणि ढोलकी सरदारांच्या वाड्यांतून जत्रांच्या माळावर आली. पेशवाई कशाने बुडाली याची कारणे शोधणाऱ्या पुढच्या पिढीने, बाजीरावाच्या व्यसनांच्या यादीत लावणी घालून टाकली. पराभवाचे दुःख खरे होते आणि त्याला कारण हवे होते, हे समजू शकते. परंतु फौजेचे पगार थकले, सरदारांत फूट पडली, वसईच्या तहाने १८०२ साली स्वातंत्र्य गहाण पडले, या गोष्टींचा बोजा होनाजीच्या डफावर टाकणे हा अन्याय होय.

छापखान्याच्या काळात शाहिरांचा पुनरुद्धार सुरू झाला तो पोवाड्यांपासून. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजीमहाराजांवर स्वतः पवाडा रचून त्या प्रकाराला नवी प्रतिष्ठा दिलीच होती. पुढे हॅरी अर्बथनॉट अॅक्वर्थ हे मुलकी खात्यातले इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी मिळून १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि १८९४ मध्ये अॅक्वर्थसाहेबांनी त्यांतील निवडक पोवाडे इंग्रजी पद्यात उतरवले. गोंधळ्यांच्या तोंडून, चोपड्यांच्या फाटक्या पानांतून, विस्मृतीच्या अगदी काठावरून हे वाङ्मय त्यांनी वाचवले, याबद्दल मराठी माणूस त्यांचा कायमचा ऋणी आहे. पण क्रम कसा लागला ते पाहावे. वीररसाचा पोवाडा प्रथम, सन्मानाने, इतिहासाचे साधन म्हणून. शृंगाराची लावणी मागाहून, शाळिग्रामांच्याच परिश्रमाने, आणि तीही पुष्कळ ठिकाणी संकोचाच्या प्रस्तावनेसह. जो शाहीर प्रभाकर सवाई माधवरावाच्या रंगाचा थाट आणि पेशवाईची अखेर वर्णितो तोच लावणीही रचतो. हात एकच, डफ एकच. पूर्वीच्या पिढीने कवीच्या आयुष्याचे दोन तुकडे केले होते, या पिढीने त्याच्या रचनेचे केले.

यशवंत नरसिंह केळकरांनी १९२८ पासून ‘ऐतिहासिक पोवाडे’ या ग्रंथाने या संशोधनाला चिकित्सेची शिस्त लावली. कवितेपलीकडे जाऊन सबंध तमाशाच कायद्याच्या कक्षेत यावा, असा प्रसंग पुढे स्वातंत्र्याच्या सुमारास आला. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर बंदी घातली. फडावर पोट असलेल्या शेकडो माणसांची उपासमार होऊ लागल्यावर दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा-समिती नेमण्यात आली. आणि वगाच्या संहिता आधी तपासून मंजूर करून घेण्याच्या अटीवर तमाशाला पुन्हा परवानगी मिळाली. आयुष्याचे आणि रचनेचे तुकडे करून झाल्यावर आता ओळींचे तुकडे करण्याची पाळी आली होती. याच हंगामात, १९४७ मध्ये, राजकमलच्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटाला मराठी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या भूमिका, ग. दि. माडगूळकरांची लेखणी, आणि विषय कोणता तर फडापायी घर सोडलेला सोलापूरचा तो ब्राह्मण. लोकांनी त्याच्यावर प्रेम करण्यापूर्वी त्याच्याकडून कोणताही जबाब घेतला नाही. १९५६ मध्ये म. वा. धोंडांचे ‘मऱ्हाटी लावणी’ प्रसिद्ध झाले, आणि लावणीकडे क्षमायाचनेवाचून, वाङ्मय म्हणून, जाणत्या नजरेने पाहण्याचा रस्ता मोकळा झाला.

त्या मोकळ्या नजरेने राम जोशाकडे पाहिले म्हणजे काय दिसते? भाषेवरची अशी हुकमत दिसते की एकाच लावणीत मराठी, कानडी, संस्कृत अशा निरनिराळ्या भाषांची कडवी गुंफली तरी चालीचा दोरा तुटत नाही. सोलापूर हे कानडी मुलखाच्या वेशीवरचे पेठेचे गाव. तेथील बाजारात जी सरमिसळ दररोज कानी पडे, तिचे या कवीने काव्य केले. त्याची यमके ओळीच्या शेवटी थांबून राहत नाहीत, ओळीच्या पोटात तीन-चार वेळा उमटून ढोलकीला उत्तर देतात. ज्याने तुंबड्या भरण्यासाठी जटा वाढवणाऱ्या, भस्म फासणाऱ्या, माळा मिरवणाऱ्या ढोंग्यांवर मराठीतली सर्वांत झणझणीत उपदेशपर रचना केली, तो स्वतः साधू नव्हता, हे त्या रचनेचे उणे मानण्याचे मला कारण दिसत नाही. सोंगाची पारख त्याला फडातच झाली. रंग लावून उभे राहणाऱ्याला रंग लावलेला दुसरा माणूस लांबूनच ओळखू येतो.

त्याच नजरेला दुसरेही काही दिसते, आणि ते सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. पेशवे दप्तरातील कागदांत कुणबिणी आणि बटकी यांच्या खरेदी-विक्रीचे, त्या कोणाला बक्षीस दिल्याचे, पळाल्यास पकडून आणल्याचे दाखले आहेत. बदअंमलाचा, म्हणजे व्यभिचाराचा, आरोप शाबीत झालेल्या स्त्रीला सरकारजमा करून कुणबीण म्हणून किल्ल्यावर किंवा कारखान्यात कामास लावल्याचेही दाखले आहेत. नाटकशाळा, कोठ्या, बावनखणी यांची भरती आभाळातून होत नव्हती; दुष्काळाने विकलेल्या, घराने टाकलेल्या, निवाड्याने गुलाम झालेल्या बायकांमधून ती होत होती. आणि लावणीतली जी स्त्री उत्कंठेने पतीची वाट पाहते, स्वारीवर गेलेल्या शिपायाला बोल लावते, शृंगाराची इच्छा निःसंकोच शब्दांत बोलून दाखवते, तिचे सारे बोल पुरुषांनी रचलेले आहेत. ज्या बायांच्या अंगविक्षेपांनी आणि आवाजाने शृंगाराचा हा सारा दरबार भरला, त्यांची एकही लावणी त्यांच्या स्वतःच्या मुद्रेने आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही. राम जोशाने मद्य घेतले, पैसा उधळला, हा त्याचा आणि त्याच्या घरच्यांचा प्रश्न होता. माणसे विकत घेणाऱ्या एका व्यवस्थेच्या करमणुकीवर त्याची आणि त्याच्या रसिकांची उपजीविका झाली, हा मात्र आपलाही प्रश्न आहे, आणि मुद्गल जोशाने, मोरोपंतांनी किंवा त्यांच्या नावाने आख्यायिका रचणाऱ्यांनी तो कधी विचारला नाही. ज्या दोषांसाठी सनद मागितली गेली ते आज दोष वाटत नाहीत. आणि जो दोष होता त्याला त्या काळच्या शब्दकोशात नावही नव्हते. म्हणूनच पश्चात्तापाच्या कथेवर विसंबून राहणे मला धोक्याचे वाटते: ती चुकीच्या गुन्ह्याची माफी देते.

हे सर्व प्रश्न एकाच माणसाच्या आयुष्यात पुन्हा एकत्र आले ते शंभर वर्षांनी. कृष्णाकाठच्या रेठरे हरणाक्ष गावी १८६६ मध्ये जन्मलेला श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हा वतनदार घरातला मुलगा. गावचे दप्तर त्याच्या हाती येणार होते, जमाखर्चाच्या वह्या त्याची वाट पाहत होत्या. ते टाकून तो महार तमासगिरांच्या फडात सामील झाला, आणि पठ्ठे बापूराव या नावाने महाराष्ट्रभर दुमदुमला. संगमनेराजवळच्या हिवरगावची पवळा त्याच्या फडात आली आणि त्याच्या आयुष्यातही आली. मुंबईच्या थिएटरांत या दोघांच्या नावाने गर्दी लोटे. राम जोशाच्या वेळी भावाने दार लावले होते, येथे सबंध जातीने लावले. पण या वेळी मोरोपंतही आले नाहीत आणि अहिल्याबाईही आल्या नाहीत. बापूरावाच्या बाबतीत सनदेची आख्यायिका जमून आली नाही, कदाचित महार स्त्रीशी उघडपणे संसार करणाऱ्याला द्यावयाची सनद कोणाच्याच दप्तरात नव्हती म्हणून. पुढे त्या दोघांची ताटातूट झाली, लाखो लोकांनी ज्याच्या लावण्या गुणगुणल्या तो कवी विपन्नावस्थेत गेला, आणि १९४५ मध्ये पुण्यात निवर्तला.

ब्राह्मण्य टाकून महारांच्या पंक्तीला बसलेल्या या माणसाला जातिभेद मोडणारा वीर म्हणावे, असा मोह होतो, आणि त्यात तथ्यही आहे; ज्या काळात सावलीचा विटाळ मानला जाई त्या काळात केलेली ती गोष्ट होती, आणि तिची किंमत त्याने आयुष्यभर मोजली. परंतु आंबेडकरी चळवळीच्या आठवणींतून एक प्रसंग सांगितला जातो तो येथे लक्षात घेतला पाहिजे. महाडच्या सत्याग्रहाच्या सुमारास बापूरावाने आपल्या उत्पन्नातून चळवळीला मदत देऊ केली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. महार समाजातील स्त्रियांना फडावर नाचवून मिळवलेला पैसा त्यांच्याच उद्धाराच्या कार्याला चालणार नाही, असे त्या नकाराचे कारण सांगतात. मुद्गलाने विचारलेला प्रश्न आणि हा प्रश्न यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हा माणूस आपल्या जातीतून खाली का उतरला, असे मुद्गलाने विचारले. उतरून तो ज्यांच्यामध्ये आला त्यांच्या लेकींचे काय झाले, असे बाबासाहेबांनी विचारले. पहिल्या प्रश्नाने कवीला घराबाहेर काढले. दुसऱ्याने त्याच्या कवितेला हात न लावता त्याच्या हिशेबाच्या वहीवर बोट ठेवले. मला हा नकार मराठी वाङ्मयाच्या इतिहासातला एक थोर निवाडा वाटतो, कारण लावणी वाईट आहे असे त्यात कोठेही म्हटलेले नाही, आणि लावणी चांगली आहे म्हणून दुसरी बाब सोडूनही दिलेली नाही.

त्या निवाड्याची पुढची अंमलबजावणी तर अधिकच बोलकी आहे. फडाचा पैसा नाकारणाऱ्या चळवळीने फडाची कला नाकारली नाही. सत्यशोधक मंडळींनी जलशांच्या रूपाने तमाशाचा साचा प्रबोधनासाठी आधीच उचलला होता. १९३० नंतरच्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे काढले, आणि खेड्यापाड्यांतल्या महारवाड्यांतून तीच ढोलकी, तेच तुणतुणे, तोच सवाल-जवाब आणि तोच सोंगाड्या घेऊन ते फिरले. गणात देवाच्या जागी नवा विषय आला, गवळणीची छेडछाड गेली, वगात सावकार, पाटील आणि बाटाबाट आली. फडाच्या मध्यभागी नाचणारी स्त्री मात्र त्यांनी काढून टाकली. बाईची भूमिका लागली तर ती पुरुष करू लागले. राम जोशापासून बापूरावापर्यंत दीडशे वर्षे घासून तयार झालेली सगळी शाहिरी कारागिरी, चालींची, यमकांची, हजरजबाबीपणाची, जलशात जशीच्या तशी वापरली गेली, आणि जलसेकार ती कोणाकडून शिकले हे श्रोत्यांपैकी कोणापासून लपवून ठेवण्यात आले नव्हते.